मक्याचे कप

ताडकळस
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अर्पितास आशीर्वाद.

हे मी फोनवर सांगणार नव्हते. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी विसरतेस. शिवाय फोनवर बोललेलं कुणाला दाखवता येत नाही. तू प्रयोगशाळेत काम करतेस, मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा आपण लिहून बोलू. हाताने लिही नाहीतर छापून पाठव, पण खाली सही हवी.

जूनमध्ये तू दिलेला तुमच्या कंपनीचा, मक्यापासून केलेल्या प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक कागद मी मिरचीच्या एका वाफ्यावर अंथरला. शेजारच्या वाफ्यावर बाजारातला नेहमीचा, तण रोखायचा काळा मल्चिंगचा प्लास्टिक कागद घातला. पोळ्यापर्यंत तुझ्या कागदाला भोकं पडली. दसऱ्याच्या दिवशी वाफा खणला तेव्हा बोटाएवढे चार तुकडे सापडले, तेही चोळल्यावर मोडले. काळा कागद जसाच्या तसा आहे. मी सहसा कशावर विश्वास ठेवत नाही. यावर ठेवला.

आता काम. डिसेंबरअखेरच्या अमावास्येला येळवस आहे. सगळं गाव शेतात जेवतं, आंबील पितं, आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या धाटाधाटाला प्लास्टिकचा कप अडकलेला असतो. गेल्या वर्षी मी एकट्या माझ्या शेतातून पोतंभर वेचले. तुमच्या मालाचे कप होतात का? होत असतील तर पाठव. गावाला तयार करायचं काम माझं.

तुझा बाप बन्सीधर पिंगळीहून आला होता. तुझ्या लग्नाचं विचारत होता. मी म्हटलं, तिचं तिला विचार.

तुझी,
आत्या

*

पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुझं पत्र साहेबांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि भिंतीवर लावायला सांगितलं.

कप होतात. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आमच्याकडे नवं यंत्र बसलं. एक जाड पोलादी भांडं आहे. त्यात आपल्या मालाचे पत्रे ठेवायचे आणि कार्बन डायऑक्साइड भरायचा, हवेच्या शंभरपट दाबाने. एवढ्या दाबाखाली हा वायू प्लास्टिकच्या आत मुरतो. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात, त्या सैल होतात. फार तापवावंही लागत नाही. मग झडप एकदम उघडायची. आत मुरलेला वायू बाहेर पडायला धावतो, लाखो बुडबुडे करतो, आणि पत्रा फुगून पांढरा, हलका होतो. त्याचे कप. कुठलंही विषारी रसायन नाही. वायू उडून जातो, मक्यापासून केलेला तोच माल उरतो.

दोन खोकी पाठवते आहे. सोबत अहवालाची प्रत आहे. सगळे तपशील वाचत बसू नकोस, शेवटची ओळ महत्त्वाची: एका पावसाळ्यात मातीत विघटन. कंपनी तेच म्हणते.

बाबांना सांग, मार्चपर्यंत मला काही विचारू नका. मार्चमध्ये बढतीची यादी लागते.

तुझी,
अर्पिता

*

ताडकळस
२ जानेवारी २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

येळवस पार पडली. सविस्तर लिहिते, तुझ्या साहेबांनाही दाखव.

आधी महादेवाच्या पारावर बायका जमवल्या. आपल्या गल्लीतली कस्तुराबाई तुला आठवते, तू माझ्याकडे राहून शिकायचीस तेव्हा शाळेतून येताना तुम्हां पोरींना ताक पाजायची ती. तिने कप हातात घेतला, वाजवला, वास घेतला.

"बाई, येवढ्याशा मक्याचं येवढं कसं फुगायलंय?"

मी म्हटलं, "ज्वारीची लाही कशी फुगते? दाण्याच्या आत वाफ कोंडते आणि एकदम सुटते. इथे वाफेऐवजी वायू."

"लाही तोंडात टाकली की इरघळती. हे इरघळतंय का?"

"मातीत विरघळतं."

"तोंडात न्हाई आन् मातीत व्हय?" सगळ्या हसल्या.

वर्गात असं हसणं सुरू झालं की तास संपलाच म्हणून समजायचं. मी कपाचा काठ तोडला, चावला आणि गिळला. चव काहीच नव्हती. हसणं थांबलं. कस्तुराबाई म्हणाली, "बाईनं खाल्लं म्हणल्यावर संपलं. घ्या गं कप."

त्या दिवशी गावात एकही प्लास्टिकचा कप फिरला नाही. वापरलेले कप प्रत्येकीने आपल्या शेतातल्या कडब्याच्या कोपीजवळ पुरावेत असं मी सांगितलं होतं. पण जेवण झाल्यावर खड्डे खणायला कोण उठतं? शेवटी कस्तुराबाईच म्हणाली, "तुमी दमलाव बाई. द्या सगळ्यांचे माझ्याकडं, मी लावते मार्गी." ऊसतोडीला गेलेल्या मुलाची आणि सुनेची वाट बघत घरी नुसतं बसण्यापेक्षा बरं, असं तिला वाटलं असावं. नातीला घेऊन तिने सगळ्या शेतांतून कप गोळा केले आणि तीन पोती घरी नेली. मला फार बरं वाटलं. शिकलेल्या बायकांत इतकी जबाबदारी मी पाहिलेली नाही.

आत्या

*

पुणे
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुझं पत्र आता ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं आहे.

एक काम आहे. परभणीच्या एका कार्यालयाची योजना आहे की या श्रावणापासून जिल्ह्यात गावोगावच्या सप्ताहात, पंगतींत हेच कप द्यायचे. सुरुवात पोखर्णीपासून. अहवाल त्यांच्याकडे दिला आहे, पण ते म्हणतात की जिल्ह्यातल्या कुणा जाणत्या माणसाचा अनुभव हवा. तुझ्या नावाला वजन आहे. 'सेवानिवृत्त मुख्याध्यापिका' असं खाली लिहून एक पत्र देशील का? वाफ्यातल्या कागदाचं आणि येळवशीचं, जे तू पाहिलंस तेवढंच लिही.

हे झालं तर मार्चच्या यादीत माझं नाव नक्की आहे.

अर्पिता

*

ताडकळस
१ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

मागितलेलं पत्र सोबत आहे. जे पाहिलं तेवढंच लिहिलं आहे.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात दोन कुंड्या भरल्या. माती एकाच ढिगातली. एकीत तुझा उरलेला कागद, दुसरीत तुझा कप. रोज दोन्हींना एकेक तांब्या पाणी घालते. संशय आहे म्हणून नव्हे, सवय आहे म्हणून.

आत्या

*

ताडकळस
१२ एप्रिल २०२५

अर्पिता,

बढती मिळाल्याचं बन्सीधरने सांगितलं. त्याबद्दल नंतर लिहीन.

कस्तुराबाईची म्हैस मेली. पाडव्याच्या आधीपासून तिने रवंथ सोडलं होतं. पोट फुगायचं, उतरायचं, पुन्हा फुगायचं. कस्तुराबाईने हिंग दिला, तेल पाजलं, मग जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने सुई दिली. मंगळवारी सकाळी म्हैस खाली बसली ती उठलीच नाही. पुरायच्या आधी डॉक्टरने पोट फाडलं. मी तिथे उभी होते. आतून पांढरा गोळा निघाला, घमेलंभर. डॉक्टरने त्यातला एक तुकडा पाण्याखाली धरला. अर्ध्याहून जास्त कप होता, काठासकट. तो म्हणाला, "बघा बाई. धुऊन घेतला तर परत चहा पिता येईल."

कस्तुराबाईने ती तीन पोती पुरलीच नव्हती. जानेवारीपासून रोज चार-पाच कप कुस्करून, पेंडीत कालवून ती म्हशीला घालत होती. मी विचारलं, का गं? ती रडत नव्हती. म्हणाली, "मक्याचं हाय म्हणलाव. तुमी सोता खाल्लाव माझ्या म्होरं. वाया कामून घालायचं?"

 

तिची नात सृष्टी याच म्हशीचं दूध प्यायची. घरात दुसरं जनावर नाही.

परत येऊन मी दोन्ही कुंड्या उपड्या केल्या. साडेतीन महिने झाले. कागद विरला आहे, उचलताना हातात चिंध्या येतात. कप धुतला, वाळवला आणि शाळेच्या तराजूवर तोलला. पुरताना होता त्या वजनात फरक नाही. म्हशीच्या पोटातली गोष्ट वेगळी असेल, मातीतली तर वेगळी नाही ना? कप मातीतही तसाच राहिला आहे.

मी हे समजून घेऊ इच्छिते. माल तोच, माती तीच, पाणी तेच. मग कप का राहिला?

आत्या

*

पुणे
२५ एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. नमस्कार.

कस्तुराबाईंचं ऐकून फार वाईट वाटलं. पण कप जनावराला घालायचा नसतो हे कोणालाही कळायला हवं. कुठल्याही खोक्यावर तो खाद्य म्हणून लिहिलेला नाही.

कुंडीबद्दल: जानेवारी ते मार्च हवा कोरडी आणि थंड असते, जीवाणू मंद असतात. शिवाय कप कागदापेक्षा जाड आहे. जाड वस्तूला वेळ लागतो. पावसाळा जाऊ दे.

घरच्या कुंडीवरून असे निष्कर्ष काढता येत नाहीत, हे तूच आम्हांला शिकवलंस. आणि हे सगळं कृपा करून कागदावर नको. फोन कर ना.

अर्पिता

*

ताडकळस
६ मे २०२५

अर्पिता,

फोन करणार नाही.

हवा दोन्ही कुंड्यांना एकच होती. थंडीत कागद विरला आणि कप थांबला, तेव्हा थंडीचा दोष नाही.

आता जाडी. ब्लेडने कपाची चकती कापली आणि शाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आत बुडबुडेच बुडबुडे आहेत, मोहोळासारखे. त्यांच्या भिंती तुझ्या कागदाहून पातळ आहेत, निम्म्यानेसुद्धा भरत नाहीत. म्हणजे कपाची भिंत वरून जाड दिसते, माल मात्र कागदाहून पातळ. तुझ्या हिशेबाने तो आधी जायला हवा होता. तू हे जाणतेस. जाडीचं कारण तू मला दिलंस कारण म्हातारी शाळेत जाऊन चकती कापणार नाही असं तुला वाटलं.

मग अहवाल काढला. तू म्हणाली होतीस शेवटची ओळ वाच, आणि नोव्हेंबरात मी तेवढीच वाचली. दुसऱ्याच्या मुलीने असं सांगितलं असतं तर पहिल्या ओळीपासून वाचला असता. ही चूक माझी. आता सगळा वाचला. नमुना: फिल्म, म्हणजे तो पातळ कागद. नमुना मिळाल्याची तारीख: ८ जुलै २०२४. तुमचं यंत्र बसलं दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, तू स्वतः लिहिलं आहेस. ज्या वस्तूचा जन्म ऑक्टोबरात झाला तिची तपासणी जुलैत कशी झाली?

म्हशीचं खाद्य म्हणून खोक्यावर लिहिलं नव्हतं, हे खरं. 'एका पावसाळ्यात मातीत विघटन' असं खोक्यावर जे लिहिलं होतं ते तरी खरं होतं का, एवढं सांग. आठवीत तुझ्या प्रयोगवहीत उत्तर आधी आणि निरीक्षण नंतर लिहिलेलं मी पकडलं होतं. तेव्हा पान फाडून नवीन लिहायला लावलं होतं. आताही तेच सांगते आहे. जे झालं ते क्रमाने लिही.

आत्या

*

पुणे
१९ मे २०२५

आत्या,

क्रमाने लिहिते.

मोठ्या यंत्राच्या आधी आमच्याकडे एक लहान भांडं होतं, तांब्याएवढं. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यात मी काही तुकडे फुगवले आणि मातीत ठेवले. शेजारी न फुगवलेले तुकडे. सप्टेंबरात काढले. न फुगवलेले जवळजवळ संपले होते. फुगवलेले तेवढेच्या तेवढे.

कारण मला त्याच आठवड्यात कळलं. दाबाखाली वायू आत शिरला की साखळ्या सैल होतात, हे तुला लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नाही. सैल झालेल्या साखळ्या नुसत्या पसरून राहत नाहीत. हलायला जागा मिळाल्यावर त्या एकमेकींना लागून रांगा धरतात, स्फटिक होतात. दाब काढला, वायू गेला, तरी रांगा मोडत नाहीत. कप पांढरा दिसतो तो बुडबुड्यांमुळे आणि या रांगांमुळेही. त्यांच्यात पाणी शिरत नाही. आधी पाण्याने साखळ्या तुटल्या तरच जीवाणूंना खाता येतं. भट्टीसारख्या गरम खतखान्यात तो कप जाईल, ताडकळसच्या मातीत जायला किती वर्षं लागतील हे मलाही सांगता येत नाही. सगळ्याच मालाचं असं होत नाही. आमच्या मालाचं आमच्या दाबाला होतं.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, प्लास्टिकचे दाणे तेच ना? मग माल तोच. फिल्मचा अहवाल आहे, तो जोडा. मी म्हटलं, सर, हे बरोबर नाही. एकदा म्हटलं, आत्या. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी तुझं ते वाफ्याचं पत्र आलं.

आंबील पिऊन कप पुरतील, दिसणार नाहीत, कुणाला काही होणार नाही, असं मी धरून चालले. कोणी ते जनावराला घालेल हे स्वप्नातही नव्हतं.

कंपनी कस्तुराबाईंना नवी म्हैस देते आहे, गाभण. मी भांडून मिळवली. एका कागदावर त्यांचा अंगठा लागेल. आता हे एवढ्यावर राहू दे. हे पत्र तुला लिहिलं आहे, फक्त तुला.

अर्पिता

*

ताडकळस
१० जून २०२५

अर्पिता,

पत्र स्पष्ट लिहिलंस. सप्टेंबरात लिहिलं असतंस तर एवढंच स्पष्ट लिहिता आलं असतं.

म्हैस आली. टेम्पोतून उतरवली, हार घातला, फोटो काढले. नंतर कागद काढला. मी तो वाचला. त्यात आहे की आधीची म्हैस आजाराने मेली, कपाचा काही संबंध नाही; आणि कस्तुराबाईने किंवा तिच्या बाजूने कोणीही कुठे तक्रार केली तर कंपनी म्हैस परत नेईल. मी कस्तुराबाईला ओळ न् ओळ समजावून सांगितली. ती म्हणाली, "बाई, तुमी सांगितलेलं एकदा ऐकलं की मी." आणि अंगठा दिला. मी म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "मी कुटं लिवलं? आंगठ्याला काय वाचता येतंय? पोरगी सहा हप्ते झाले काळा चहा प्यायलीय. तुमचा खरेपणा धारंला बसतोय का?"

तिला मी दोष देत नाही.

आता तुझं. श्रावणापासून पोखर्णीला आणि पुढे गावोगाव हे कप जाणार आहेत. प्रत्येक गावात एक कस्तुराबाई आहे. परभणीच्या कार्यालयातल्या फायलीत तुझ्या कंपनीचा अहवाल आहे आणि माझं पत्रही आहे. माझं मी काढून घेणार. तुझं तू काढ. तू स्वतः लिहून दे की अहवाल फिल्मचा आहे, कपाचा नाही. शोधून काढणारी तू, सांगणारीही तू, असं होऊ दे. ३० जूनपर्यंत थांबते.

आत्या

*

पुणे
२१ जून २०२५

आत्या,

माझ्याच्याने होणार नाही.

मी लिहून दिलं तर नोकरी जाईल, ते एक वेळ ठीक. पण या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. मला पुन्हा कोणी प्रयोगशाळेत उभं करणार नाही. बाबांनी पिंगळीच्या शेताचा तुकडा विकून मला शिकवलं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुलैत मुलाकडचे लोक येणार आहेत.

एक वर्ष दे. मी दाब कमी करून, गार करायची वेळ बदलून रांगा कमी करायचा प्रयत्न करते आहे. होईल असं दिसतंय. मग खरंच विरघळणारा कप होईल आणि आजचं खोटं उद्या खरं होईल. तोवर तुझं पत्र काढून घे हवं तर, पण माझं ते मे महिन्याचं पत्र फाडून टाक. पाया पडते.

अर्पिता

*

ताडकळस
२ जुलै २०२५

अर्पिता,

काल परभणीला गेले होते.

जायच्या आधी कस्तुराबाईकडे गेले. तिला न सांगता करणं मला जमलं नसतं. सांगितलं, मी तक्रार करते आहे, म्हैस कदाचित नेतील. ती शेणाने हात भरलेली तशीच उभी राहिली. म्हणाली, "श्रावणात व्यायची हाय ती बाई. व्याऊ तर द्या. मग करा काय करायचं ते." मी म्हटलं, श्रावणातच कप वाटायला सुरुवात होणार. ती म्हणाली, "मंजी दुसऱ्याच्या म्हशीसाठी माझी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कार्यालयात आवक-जावकला सुकेशनी बसते, तुमच्याच वर्गातली. मी अर्ज दिला. त्याला माझं पत्र रद्द करत असल्याचा कागद, कुंड्यांची निरीक्षणं, डॉक्टरची चिठ्ठी आणि तुझं १९ मेचं पत्र जोडलं. तिने पानं उलटली आणि तुझ्या सहीवर थांबली.

"बाई, ही आपली अर्पिता?"

"हो."

"तुमची भाची न्हवं का?"

"सख्ख्या भावाची मुलगी."

तिने ते पत्र वेगळं काढलं आणि हळूच माझ्या पिशवीकडे सरकवलं. "हे घरचं हाय, बाई. अर्ज तेवढा घेते मी. हे ऱ्हाऊ द्या."

"पुराव्याशिवाय अर्ज म्हणजे चहाडी."

"शिक्का पडला की परत मिळत न्हाई."

"परत मागायला येणार नाही."

तिने शिक्का दोनदा मारला. पहिला नीट उठला नव्हता.

तू मला विश्वासाने लिहिलंस आणि मी ते दिलं. याला विश्वासघात म्हणतात, दुसरं नाव नाही. तू वर्ष मागितलंस. उद्याचा कप खरा होईलही. पण आज वाटला जाणारा आजचाच असेल.

बन्सीधरला मीच सांगितलं. तो आल्या पावली परत गेला.

दैवशाला

*

पुणे
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय आत्या,

योजना थांबली, हे तुम्हांला कळलंच असेल. कंपनीने सर्व दोष माझ्या प्रयोगवहीवर ठेवला. साहेब तिथेच आहेत. त्यांनी सांगितलं की मी गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातले निकाल त्यांना दाखवलेच नाहीत. माझ्याकडे त्याचा कागद नाही, कारण ते मी तोंडी सांगितलं होतं.

मुलाकडचे लोक आले नाहीत. मी सध्या एका शिकवणीच्या वर्गात बारावीचं रसायनशास्त्र शिकवते. बाबांनी तुमचं नाव घ्यायचं नाही असं घरात सांगितलं आहे, तेव्हा या पत्राचं त्यांना कळू देऊ नका.

तुम्ही चुकलात असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

एकच विचारते. समाधान झालं का?

अर्पिता

*

ताडकळस
२१ डिसेंबर २०२५

अर्पिता,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काय आहे ते पाहत होते. परवा येळवस झाली, आता लिहिते.

म्हैस श्रावणात व्याली, पारडी झाली. पुढच्याच आठवड्यात टेम्पो आला. या वेळी हार नव्हता. पारडीसुद्धा नेली, कागदात तसं होतं म्हणे. मी माझी गाय नेऊन कस्तुराबाईच्या दारात बांधली. संध्याकाळी गाय परत माझ्या दारात होती, दाव्यासकट. तेव्हापासून कस्तुराबाई माझ्याशी बोलत नाही. दिवाळीनंतर मुलाबरोबर तीही ऊसतोडीला गेली, या वयात. सृष्टीलाही नेलं. पोरगी पाचवीत होती.

या येळवशीला पारावर कोणाला बोलावलं नाही. बोलावूनही कोणी आलं नसतं. गावाने एवढंच लक्षात ठेवलं आहे की मक्याच्या कपाने म्हैस मरते. गेल्या बाजारात दुकानदार सांगत होता, साधे प्लास्टिकचे कप यंदा दुप्पट खपले. "बाईंचे नकोत," असं बायका आधीच सांगतात म्हणे. परवा माझ्या शेतात मी एकटीच जेवले. दुपारनंतर वारा सुटला आणि चारी बाजूंनी कप उडत ज्वारीत आले. आज सकाळपासून वेचते आहे. दोन पोती झाली, अजून खालचा तुकडा राहिला आहे.

तुझ्या साहेबाबद्दल मी कार्यालयात पुन्हा लिहिलं. तोंडी बोलण्याचा पुरावा नाही असं उत्तर आलं. माझं पत्र वाचून त्याने भिंतीवर लावलं होतं, तो तुझे निकाल न बघता राहिला असेल यावर माझा विश्वास नाही. माझ्या विश्वासाला आता कुठेच किंमत नाही.

दाब कमी करून तू जे करत होतीस ते वहीत लिहून ठेवलं आहेस का? असेल तर जपून ठेव. तारखा घाल.

समाधान झालं का, असं विचारलं होतंस. नाही झालं. ते पत्र परत घ्याल का, असं विचारलं असतंस तर त्यालाही नाहीच म्हटलं असतं.

दैवशाला